मांसबाजाराची वस्ती फॅशनची झाली. तिथे फिरून नेमके काय पाहायचे?

धागाकर्ता

न्यूयॉर्कच्या मीटपॅकिंग डिस्ट्रिक्टमध्ये दोन दिवस फिरून आल्यापासून मनात घोळत असलेला प्रश्न येथे मांडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात अडीचशेच्या आसपास कत्तलखाने आणि मांसाची गोदामे होती. आज त्याच दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर उंची कपड्यांची दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. फुटपाथवर पुढे आलेली पत्र्याची छपरे मात्र बरीचशी जुनीच आहेत. त्यांच्याखाली उभे राहून वर पाहिले, तर काही ठिकाणी लोखंडी रूळ अजून दिसतात. आकड्याला टांगलेली जनावरांची धडे ट्रकपासून गोदामात सरकवत नेण्यासाठी ते बसवलेले होते. माझ्या शेजारचे एक जोडपे छायाचित्र काढताना तो गंजका रूळ चौकटीत येऊ नये म्हणून दोन पावले बाजूला सरकले, आणि मला ते फार खटकले. भिंती राखायच्या आणि त्या भिंतींआड झालेले काम पुसून टाकायचे, याला वारसा जपणे म्हणावे का? माझे उत्तर नकारार्थी आहे.

प्रतिसाद १

आपल्या हळवेपणाचा आदर राखून असहमती नोंदवतो. रक्ताने निसरड्या झालेल्या फरशीवर पहाटेपासून राबणाऱ्या माणसाला आपले काम रम्य वाटत असेल, असे मला वाटत नाही. ती रम्यता आपण नंतर चिकटवतो. शिवाय त्याच भागातून जाणाऱ्या हाय लाइनचे उदाहरण पाहा. १९३४ मध्ये सुरू झालेल्या या उन्नत मालवाहू रेल्वेमार्गावरून १९८० मध्ये शेवटची गाडी गेली, त्यानंतर तिथे रानगवत माजले आणि खालच्या जमिनींचे मालक तो पाडून टाकण्याच्या मागे लागले. १९९९ मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड या दोन रहिवाशांनी संस्था काढून तो वाचवला नसता, तर २००९ मध्ये उघडलेले उद्यान सोडाच, झाडांमधून डोकावणारे ते रूळही आज दिसले नसते. फिरायला येणारे लोक नको असतील, तर डागडुजीचा खर्च कोणी करायचा, तेही सांगावे.

धागाकर्ता

उद्यान सुंदर आहे, हे मान्य. पण ते वाचले कसे, हेही पूर्ण सांगायला हवे. २००५ मध्ये शहराने तेथील बांधकामाचे नियम बदलले आणि मार्गाखालच्या जमीनमालकांना आपले विकास हक्क, म्हणजे आपल्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क, आसपासच्या भूखंडांकडे विकण्याची मुभा दिली, म्हणजे आपल्याकडे ज्याला टीडीआर म्हणतात तोच प्रकार. काल पाडा म्हणणारे मालक आज राखा म्हणू लागले आणि दोन्ही बाजूंना आलिशान मनोरे उभे राहिले. अगदी जवळ सार्वजनिक गृहप्रकल्पांमध्ये सामान्य उत्पन्नाची कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी आपण कमी पडलो, अशी कबुली खुद्द हॅमंड यांनी २०१७ मध्ये दिली होती.

प्रतिसाद २

आपण दोघेही एकाच शहराभोवती फिरत आहात. जर्मनीत एसेन येथे त्सोलफराइन ही कोळशाची खाण १९८६ मध्ये बंद झाली, राज्य सरकारने ती जागा ताब्यात घेतली आणि २००१ मध्ये तिला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जिथे कोळसा धुतला जाई, त्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथे माजी खाणकामगारांनीही पाहुण्यांना वाट दाखवण्याचे काम केले आहे. कोणते यंत्र किती कर्कश वाजे, हे त्याच्याजवळ उभे राहून काम केलेल्या माणसाकडून ऐकणे आणि भिंतीवरच्या पाटीवर वाचणे यांत फरक आहे. त्यामुळे जावे की नाही यापेक्षा, आपल्याला तिथे कोण फिरवते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद १

उदाहरण चांगले आहे, पण तुलना जुळत नाही. एसेनच्या त्या जागेवर बिल्डरांच्या उड्या पडत नव्हत्या, म्हणून सरकारला सबुरीने घेता आले. मॅनहॅटनमध्ये रिकाम्या गोदामाची वाट पाहायला कोणी थांबत नाही. तिथल्याच सोहो या जुन्या कारखान्यांच्या वस्तीत हेच घडले: कारखाने गेले, स्वस्त आणि प्रशस्त जागा म्हणून चित्रकार आले, १९७१ मध्ये त्यांच्या राहण्याला कायदेशीर मान्यता मिळाली आणि पुढे भाडी परवडेनाशी झाल्यावर त्यांतील अनेकांनाच बाहेर पडावे लागले.

प्रतिसाद ३

चर्चेत एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे मीटपॅकिंगमधील कसाई पूर्णपणे गेलेले नव्हते. शहराच्या मालकीच्या इमारतीत मोजके मांस व्यापारी टिकून होते. त्यांचा भाडेपट्टा २०३२ पर्यंत होता, परंतु तो मुदतीआधी सोडण्यास ते तयार झाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्या जागेवर सुमारे ६०० घरे बांधण्याची योजना असून, त्यांतील निम्मी परवडणाऱ्या दरात देण्याचा मानस आहे.

धागाकर्ता

ही माहिती मला नव्हती, आणि तिने माझी थोडी अडचण केली आहे. घरांना विरोध करणे मला जमणार नाही. फक्त त्या इमारतीसमोरून मी दोनदा गेलो असेन आणि आत अजून काम चालते का, हे पाहायला एकदाही थांबलो नाही.