विषय: आशिकागा सहल, २३ नोव्हेंबर – कुठलं स्टेशन?

सहल समिती:
मंडळी, नमस्कार. आशिकागा गाक्को, म्हणजे टोकियोच्या उत्तरेला आशिकागातली जुनी शाळा, बघायच्या सहलीची नावं ३१ झाली, नोंदणी बंद केली आहे. काल तिघांनी कळवलं की ते जेआर रेल्वेनं येणार. कृपया जरा थांबा. जेआरचं आशिकागा आणि तोबू या दुसऱ्या रेल्वे कंपनीचं आशिकागा-शी ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये वातारासे नदी आहे. मे महिन्यात फुलं बघायला गेलो तेव्हा निम्मे लोक फ्लॉवर पार्क स्टेशनला उतरले, निम्मे पुढे आशिकागाला. डबे एकीकडे आणि पोरं दुसरीकडे. ते पुन्हा नको. सगळ्यांनी किता-सेंजूला भेटून तोबूची र्‍योमो एक्स्प्रेस धरावी. तिची सगळी आसनं आरक्षित असतात, म्हणून आकडा आजच हवा.

माई, निशी-कासाई:
आमच्याकडच्यांना तोबूच सोपी. तोझाईनं कायाबाचो, तिथून हिबिया लाइन, थेट किता-सेंजू. आमची ९ आसनं धरा. पुलावरून चालायला दहाएक मिनिटं लागतात, ढकलगाडी नीट जाते.

अण्णा, ओमिया:
आम्ही ओमियाची ७ माणसं. आधी उलटं टोकियोकडे यायचं आणि मग परत उत्तरेला, हे काही पटत नाही. ओयामाला गाडी बदलली की आशिकागा. शिवाय २३ तारखेलाच का? सुट्टीची गर्दी असणार. आणि मी ऐकलं की शाळेची इमारत १९९० सालची आहे. मग जुनी शाळा म्हणून पोरांना काय दाखवणार?

सहल समिती:
अण्णा, २३ ला सेकितेन असतो, कन्फ्यूशियसची वर्षातली मोठी पूजा. म्हणून तारीख हलणार नाही.

निशी-कासाईतून सानिकाची आई:
इमारतीबद्दल लिहिते, कारण मी तिथे दोनदा गेले आहे. १८७२ साली शाळा बंद पडली आणि अर्ध्या जागेवर प्राथमिक शाळा आली. पुढे ती हलवून, जमीन खणून, जुन्या नकाशाबरहुकूम गवती छपराचं होजो, म्हणजे शिकवण्याची मुख्य इमारत, पुन्हा उभारलं, ते १९९० साली. पण कन्फ्यूशियसचं मंदिर १६६८ चं आहे. आणि ग्रंथ त्याहून कितीतरी जुने. १४३९ मध्ये उएसुगी नोरिझाने या सरदारांनी शाळेला ऊर्जितावस्था आणली, चीनमधल्या सोंग काळातले छापील ग्रंथ दिले, कामाकुराहून काइगेन नावाचे भिक्षू प्रमुख म्हणून आणले. त्यांतले काही ग्रंथ आज जपानचा राष्ट्रीय ठेवा आहेत. छप्पर नवं असेल अण्णा, पण शाळा नवी नाही.

वहिनी, कावासाकी (माहेर म्हापसा):
आमच्या गोंयच्या सायबाचं नाव कुणीच काढलं नाही! फ्रान्सिस झेवियरनं ही शाळा पाहिली होती ना? जुन्या गोव्यात बॉम जेझूला दर्शनाला जायचो तेव्हा जपानशी असं नातं असेल हे मनातही नव्हतं.

सानिकाची आई:
पाहिली नव्हती वहिनी, ऐकली होती. १५४९ मध्ये कागोशिमाहून त्यानं गोव्याला जे पत्र पाठवलं, त्यात बांदोच्या, म्हणजे पूर्व जपानातल्या, या विद्यापीठाला जपानातलं सगळ्यांत मोठं आणि नावाजलेलं म्हटलंय. तो क्योतोपर्यंत गेला, पण इकडे पूर्वेला कधी आला नाही. पत्र मात्र गोव्यालाच गेलं होतं, हे खरं.

माई, निशी-कासाई:
गेल्या वर्षी मी होजोत सोदोकूला बसले होते. गुरू एक ओळ म्हणतात, सगळे ती मागून म्हणतात, अर्थ नंतर. अगदी संथा! माझे आजोबा पाठशाळेत असेच शिकले. दुसऱ्या ओळीलाच त्यांचा आवाज कानात आला आणि मला पुढे म्हणताच येईना. पायमोजे जाड घाला, बूट बाहेर काढावे लागतात आणि जमीन बर्फासारखी असते.

अण्णा, ओमिया:
संथेचं वाचलं. माझे वडीलही मला रामरक्षा अशीच शिकवायचे, मांडीवर घेऊन. मुलांना करण्यासारखं अजून काही आहे का? माझा नातू ६ वर्षांचा आहे.

सानिकाची आई:
भरपूर. तिकिटालाच 'प्रवेशपत्र' म्हणतात, म्हणजे तो त्या दिवसापुरता विद्यार्थी. एक पाइनचं झाड आहे. न वाचता येणारं अक्षर कागदावर लिहून मुलं त्याला बांधायची आणि दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी त्याचं वाचन लिहून ठेवलेलं असायचं, अशी कथा आहे. आणि सानिका अर्धा तास हललीच नाही ते साखळ्यांनी टांगलेलं भांडं. ओगराळ्यानं पाणी घालायचं. रिकामं असताना ते कलतं, अर्धं भरलं की ताठ उभं राहतं, काठोकाठ भरलं की उलटतं. पाणी पायावर येतं, मोज्यांचा जादा जोड घ्या.

अण्णा, ओमिया:
ठीक. पण आम्ही जेआरनंच येणार.

सहल समिती:
मग असं करू. स्टेशन कुणी कुठलंही घ्या, भेट शाळेच्या दारात. तीन दारं एकामागे एक आहेत, त्यातलं पहिलं, न्यूतोकू. वेळ ११. ओमियाचे ७ अण्णांबरोबर, बाकी २४ आसनं र्‍योमोवर धरते. माई, डबे तुमच्याच गटाकडे राहतील. पण नातवाचा खाऊ अण्णांनी आपल्याजवळच ठेवावा.

माई, निशी-कासाई:
पुरणपोळ्या किती करू, ६० पुरतील?