गच्चीवर शेजारची मुलं एकटी जातात म्हणून
इथे एका ताईंनी विचारलंय की शेजारची मुलं गच्चीवर एकटी पतंग उडवतात, मग आपल्याच मुलाला कसं अडवायचं. माझं स्पष्ट मत, अडवायचंच. आमच्या दादरच्या जुन्या बिल्डिंगचा कठडा जेमतेम मांडीएवढा, त्यात पोरं टाकीवर चढतात, आणि पतंग उडवणारा वर बघत मागे मागे सरकतो, पाय कुठे पडतोय ते त्याला दिसतच नाही हो. शिवाय नायलॉन मांजा, २०१७ मध्ये हरित लवादाने देशभर बंदी घातली तरी संक्रांतीला मिळतोच. शेजाऱ्यांना शिकवायला जाऊ नका, उगाच संबंध बिघडतात, त्यापेक्षा "मीपण येते वर, सगळ्यांकडे बघते" म्हणा, बहुतेक आया खूशच होतात. आणि टाकीच्या शिडीला कुलूप लावायचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये नक्की काढा.