मदत हवी आहे: वापरलेल्या ब्लॅक पावडर रिव्हॉल्व्हरला किती पैसे देणं रास्त?

नमस्कार मंडळी. अमेरिकेत कोणी ब्लॅक पावडरची (म्हणजे काळी दारू ठासून भरायची, जुन्या पद्धतीची) हत्यारं वापरत असेल तर प्लीज वाचा, रविवारपर्यंत विकणाऱ्या गृहस्थांना उत्तर द्यायचंय.

मी सिनसिनाटीत असतो, मूळचा कुडाळकडचा. आमच्या आजोकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, भातात डुकरं घुसायची म्हणून. दारू, छर्रे, केप (घोडा पडला की ठिणगी देणारी टोपी) हे सगळं मी लहानपणापासून बघितलंय आणि बार झाल्यावर नळीत गरम पाणी ओतायचं काम माझं असायचं. "नळी ओली रवली काय गंज लागतलो" म्हणायचा आणि पुसून तेल लावेपर्यंत जेवायला बसायचा नाही. तो गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली (निवडणूक आली की दर वेळी करावीच लागायची), परवाना कोणी नावावर करून घेतला नाही आणि ती तिथेच राहिली.

तर मागच्या सप्टेंबरात इंडियानातल्या फ्रेंडशिपला गेलो होतो, आमच्याकडून तासाभरावर आहे, ठासणीच्या बंदुका चालवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धा तिथे होतात. तिथे एकांनी त्यांच्या रिव्हॉल्व्हरने सहा बार मारू दिले. तो धूर आणि तो गंधकाचा वास नाकात गेला आणि मला एकदम आमची पडवी आठवली. तेव्हापासून ठरवलंय की एक घ्यायचीच, भिंतीवर टांगायला नाही, चालवायला.

आता आमच्या रेंजवरचे एक म्हातारे गृहस्थ त्यांची विकतायत. पिएट्टा ह्या इटालियन कंपनीची १८५८ रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मी, ४४ कॅलिबर, स्टीलची फ्रेम. छोट्या चौकटीत बीटी अशी दोन अक्षरं आहेत, हा सालाचा संकेत, म्हणजे २००३ची. सोबत एक जादा सिलिंडर (सहा बार भरायचं फिरतं नळकांडं), दारूची फ्लास्क, निपलचा (केप बसते त्या बोंडीचा) पाना आणि चामड्याचं होल्स्टर. सगळ्याचे ३२५ डॉलर म्हणतायत.

मी जे पाहिलं ते सांगतो. बाहेरून छान आहे, निळा रंग फक्त नळीच्या तोंडाशी उडालाय. नळीत टॉर्च मारला तर मधे कुठेतरी बारीक खड्डे दिसतात, पण आटे (नळीतल्या पिळदार खाचा) स्पष्ट आहेत. निपलची तोंडं चेपलीयत, बहुतेक केप न लावता चाप ओढत राहिल्यामुळे. सिलिंडरची पिन हाताने निघालीच नाही, घट्ट बसलीय, त्यामुळे सिलिंडर काढून बघता आला नाही. आणि घोडा पूर्ण चढवल्यावर सिलिंडर किंचित हलतो, आता हे किंचित म्हणजे किती चालतं ते मला कळत नाही.

दुसरीकडे एका दुकानात वापरलेली १८५१ नेव्ही (कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची नक्कल) आहे, पितळी फ्रेमची, तीही ४४, फक्त १७५ला. दिसायला फार देखणी.

मला त्या म्हाताऱ्यांचा भाव पाडायचा नाहीये. त्यांचे हात थरथरतात म्हणून विकतायत आणि ती हातात देताना त्यांना किती जड जात होतं ते मी बघितलं. पण चुकीची वस्तू घेऊन पस्तावायचंही नाहीये. त्यांनाही पटेल आणि मलाही पटेल असा आकडा कसा काढायचा?

प्रतिसाद १

मी पेनसिल्व्हेनियात असतो, दहा-बारा वर्षं ही चालवतोय. आधी ती पितळी डोक्यातून काढून टाका. पितळी फ्रेम जास्त दारूने हळूहळू ताणली जाते आणि मग सिलिंडर आणि नळीतली फट वाढत जाते, आधीच्या मालकाने किती भरून मारलेत ते तुम्हाला कोण सांगणार. शिवाय खरी १८५१ नेव्ही ३६ कॅलिबरची होती, ४४ची नेव्ही ही हल्लीच्या कारखान्यांची कल्पना आहे.

आता तुमची रेमिंग्टन. १८५८ हे बील्स नावाच्या संशोधकाच्या पेटंटचं साल आहे, नळीवर ते असायचं म्हणून नाव चिकटलं, खऱ्या न्यू मॉडेल आर्मी १८६३ ते १८७५ मधल्या. तुमची इटलीत बनलेली प्रतिकृती आहे, तिला जुनेपणाची किंमत नाही, नव्याच्या किमतीवरूनच हिशेब लावायचा. नवीन साधारण ४००ला मिळते. चांगल्या अवस्थेतली वापरलेली मी २४० धरतो. जादा सिलिंडर जर ह्याच फ्रेमला नीट लॉक होत असेल तर त्याचे ६०, होल्स्टर, फ्लास्क वगैरेचे मिळून २५. निपलचे दोन संच नवीन घ्यावे लागतील, त्याचे ६० वजा करा. म्हणजे २६५च्या आसपास. हे सगळं टायमिंग (घोडा ओढताना सिलिंडर वेळेवर जागी येऊन लॉक होणं) बरोबर असेल तर! नसेल तर मी १७५च्या वर जाणार नाही, कारण पार्ट स्वस्त असतात पण ते घासून बसवणारा माणूस मिळत नाही.

टायमिंग असं बघा, घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा, घोडा अडकायच्या आधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर खट् करून लॉक झाला पाहिजे, सहाही चेंबरला (सिलिंडरमधल्या दारू भरायच्या घरांना), दोन्ही सिलिंडर लावून. मग घोडा चढलेला असताना चापाला बोट न लावता अंगठ्याने मागून पुढे ढकला, सुटला तर तिथूनच नमस्कार करून परत या. पण ह्याच्याही आधी, प्रत्येक चेंबरमध्ये लाकडी काडी घालून खोली मोजा. ठासणीचं हत्यार भरलेलं आहे का हे वरून कळत नाही, वर्षानुवर्षं भरून ठेवलेली मी स्वतः पाहिलीयत.

नळीतल्या खड्ड्यांचं मी एवढं मनावर घेणार नाही, चेंबरमधले जास्त वाईट, तिथे मळ धरतो आणि मळ हवेतलं पाणी ओढतो. पिन बहुतेक त्या मळानेच अडकलीय, तेल सोडून रात्रभर ठेवायला सांगा. किंचित हलणं चालतं हो, खडखड वाजलं नाही पाहिजे.

प्रतिसाद २

दादा, ऑनलाइन जाहिरातीतले आकडे धरू नका, ते मागितलेले असतात. लिलाव संपल्यावर किती आले ते बघा. आणि कागदपत्रांचं म्हणाल तर १९६८च्या फेडरल कायद्यात ही प्रतिकृती असली तरी अँटिक धरली जाते, म्हणजे साध्या बंदुकीचे नियम तिला लागत नाहीत, फक्त राज्याराज्यात फरक आहे, माझ्या न्यू जर्सीत हिला साध्या पिस्तुलासारखेच नियम आहेत. ओहायोचं तुम्ही बघून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी परत जाऊन आलो. त्यांनी पिनला तेल सोडूनच ठेवलं होतं, लाकडी हातोडीने हलकेच ठोकली आणि आली बाहेर. काडी सहाही चेंबरमध्ये सारखी गेली, रिकामे होते, खड्डेही नाहीत. अंगठ्याने ढकलून बघितलं, घोडा सुटला नाही. टायमिंग पाच चेंबरला बरोबर, एकाला घोडा सावकाश ओढला तर सिलिंडर जरासा मागे राहतो, झटकन ओढला तर लॉक होतो. जादा सिलिंडरला सगळे सहा बरोबर.

मी हिशेब कागदावर लिहूनच नेला होता, तो त्यांच्यापुढे ठेवला आणि जे दिसलं तेही तसंच सांगितलं. त्यांनी स्वतः दोनदा घोडा ओढून बघितला, म्हणाले बरोबर आहे तुझं. ३२५ त्यांनी जाहिरातीत बघूनच ठरवले होते. २५०ला ठरलं. जादा सिलिंडर आता कायमचा लावतोय. पहिले सहा बार मारायला त्यांनाच रेंजवर बोलावलंय, येतो म्हणालेत.

आता एकच विचारायचंय. नवीन निपल घेतोय, तर पिएट्टाला केप दहा नंबरची नीट बसते की अकराची? दुकानात एक जण एक सांगतो, दुसरा दुसरं.