जुन्या चर्चमध्ये अभ्यासिका, गाणं वगैरे चालू करता येईल का? (ठाणे)

तलावपाळीकर:
आमचं चर्च ब्रिटिशांच्या वेळचं, ठाण्यातल्याच 1825 च्या सेंट जेम्स चर्चइतकं जुनं नाही पण दगडी आहे आणि वर मंगलोरी कौलं. रविवारी उपासनेला साठ-सत्तर माणसं, बाकी सहा दिवस कुलूप आणि कबुतरं. तरुण मंडळी घोडबंदर रोडला नाहीतर पुण्याला गेली. कौलं गळतात, खर्च झेपत नाही. मी कमिटीत म्हटलं, दोन-तीन दिवस शेजारपाजारच्यांना वापरायला देऊ, त्यांनी कौलांना हातभार लावावा. तर अर्धे म्हणाले देवाच्या घरात धंदा नको आणि उरलेले म्हणतात सरळ लग्नाला द्या, पैसा तिथेच आहे 🙄 कोणी केलंय का असं काही?

कोपरीची_मावशी:
लग्नाला अजिबात देऊ नका हो! आमच्या सोसायटीचा हॉल दिला तर फरशीवरचे तेलाचे डाग अजून तसेच आहेत. अभ्यासिका करा. वन रूम किचनमध्ये टीव्ही चालू असतो, दहावीच्या पोरांनी बसायचं कुठे?

चुना_आणि_दगड:
नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला तेराव्या शतकातलं चर्च आहे, 1794 मध्ये फ्रेंच सैन्याने घेतलं, मग गोदाम काय, सायकली ठेवायची जागा काय, सगळं झालं आणि 2006 पासून पुस्तकांचं दुकान. तिथे स्टीलचे बहुमजली रॅक आपापल्या पायावर उभे आहेत, भिंतींवर भार नाही, उद्या काढले तर चर्च जसंच्या तसं. तुम्हीही जे कराल ते उचलून नेता येईल असं करा. आणि ओल आली म्हणून कोणी सिमेंटचं प्लास्टर सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा, जुन्या भिंतींना चुनाच हवा, सिमेंटने ओल आतच अडकते आणि दगड झिजतो. कागदाचं म्हणाल तर ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेकराराने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते (1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 36), त्यामुळे एकालाच लांब मुदतीने देण्यापेक्षा तासांवर द्या. बाकी स्टेजबिज नंतर, आधी संडास बघा. आजी-आजोबा दोन तास कसे बसणार?

तिरकिट:
मी तबला वाजवलाय चर्चमध्ये. द्रुत लयीत सगळा गोळा होतो, तिरकिट कुठलं आणि धिरधिर कुठलं कळत नाही, कारण दगड आणि उंच छत, आवाज फिरतच राहतो. पण बासरी किंवा क्वायर, तेही माइकशिवाय, अहाहा. जाड सतरंज्या टाका, माणसं भरली की अजून आटोक्यात येतो.

तलावपाळीकर:
संडासाचा मुद्दा कोणाच्याच डोक्यात नव्हता 😅 पाळकसाहेबांना वाचून दाखवलं, त्यांना अभ्यासिका पटली, पण वेदीचा भाग दोरी लावून बंद आणि आत खाणंपिणं नाही या अटीवर. धंदा नको म्हणणारे दोघं तर पोरांवर लक्ष ठेवायला आळीपाळीने बसतो म्हणाले. लग्नवाले अजून रुसलेत. शनिवारपासून चार ते आठ ट्रायल. आता कबुतरांवर कोणी उपाय सांगा, पोरांच्या वह्यांवर वरून प्रसाद पडायला नको.