हुकूमनाम्यात कर्ज त्यांचे, बँकेच्या दप्तरी मात्र माझेही

वर्धाकाठ:
काल ‘पैनगंगा’ यांनी लिहिले की, परस्पर संमतीने घटस्फोटाच्या अर्जात कोणते कर्ज कोणी फेडायचे हे नीट लिहून घेतले आणि न्यायालयाने तसा हुकूमनामा, म्हणजे अंतिम आदेश, दिला, की पुढे स्वतःच्या घरकर्जाला काहीही अडचण येत नाही. हे वाचून मला राहवले नाही, कारण याच समजुतीवर विसंबून मी चार वर्षे घालवली आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून माझी सही घेतली गेली. शेती त्यांची, ट्रॅक्टर त्यांचा, पगारपत्रक मात्र माझे जोडले. ते कर्ज त्यांनीच फेडावे असे हुकूमनाम्यात स्पष्ट आहे. तरीही तालुक्याला दोन खोल्यांचे घर घ्यायला गेले, तेव्हा बँकेने ६३ हजारांचा सहामाही हप्ता सहाने भागून दरमहा १०,५०० रुपये माझ्या नावावर धरले. माझ्या ४२ हजारांच्या पगारात २१ हजारांचा हप्ता बसतो, आणि नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी त्यात सुमारे २३ लाख मिळाले असते. ते निम्म्यावर आले, आणि तेही एकही हप्ता थकलेला नसताना. पुढच्या हंगामात सोयाबीन पाण्यात गेले, हप्ता थकला, त्यांच्याबरोबर माझाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा गुणांक, घसरला, आणि ते निम्मेही हातचे गेले.

पैनगंगा:
ताई, आपल्यावर गुदरलेल्या प्रसंगाबद्दल मला वाईट वाटते, पण त्यावरून हुकूमनाम्याला कवडीमोल ठरवणे मला मान्य नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या प्रकरणात बँकेने हुकूमनामा पाहिला, त्यासोबत वर्षभराचे खातेउतारे पाहिले, प्रत्येक हप्ता तिच्या माजी पतीच्याच खात्यातून गेल्याची खात्री केली आणि तो हप्ता तिच्या पात्रतेतून वगळला. ज्याने अट मोडली त्याच्याविरुद्ध आपल्याला अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. लेखीच नसते तर तोही मार्ग उरला नसता.

माजी शाखाधिकारी:
बत्तीस वर्षे कर्जाच्या टेबलावर काढली म्हणून लिहितो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार, दोघांनी मिळून दिलेल्या वचनाची पूर्तता बँक दोघांपैकी कोणाही एकाकडून मागू शकते. घटस्फोटाचा दावा नवरा-बायकोतला असतो आणि बँक त्यात पक्षकार नसते, त्यामुळे हुकूमनामा त्या दोघांना बांधतो, बँकेला नाही. बहिणीच्या प्रकरणात बँकेने उदारपणा दाखवला, पण तो तिचा हक्क नव्हता. सहकर्जदाराचे नाव खरोखर सुटते ते कर्ज पूर्ण फिटल्यावर, दुसऱ्याने स्वतःच्या एकट्याच्या नावे नवे कर्ज काढून जुने मिटवल्यावर, किंवा बँकेने नवा करार करून एकाला मोकळे केल्यावर. यातले जे काही करायचे ते घटस्फोटाच्या सह्यांच्या आधी करा. अर्ज दाखल झाल्यापासून कायद्याने सहा महिन्यांचा अवधी दिलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो योग्य प्रकरणी माफ करता येतो असे ठरवल्यापासून लोक घाई करतात आणि कर्ज तसेच मागे ठेवतात. थकलेले कर्ज तडजोडीने मिटवताना तर फारच जपा, कारण कमी रकमेत मिटलेल्या खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि घरकर्ज देणारा तो ‘क्लोज्ड’सारखा, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्यासारखा, वाचत नाही.

कपाशीवाला:
सगळा दोष शेतकरी नवऱ्याच्या माथी मारू नका. माझ्या प्रकरणात उलट झाले. पत्नीच्या बचत गटाच्या कर्जाला मी जामीन होतो, ती माहेरी गेल्यावर ते थकले, आणि पीककर्ज मागायला गेलो तेव्हा माझा सिबिल पुढे केला गेला. त्यात २०१७ च्या कर्जमाफीने सुरुवातीला पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले आणि दीड लाखाची मर्यादा त्या सगळ्यांना मिळून लावली. आम्ही दोन वर्षे वेगळे राहत होतो, घटस्फोट मात्र झालेला नव्हता. तिच्या माहेरच्या शेतावरचे तिचे कर्ज आणि माझे कर्ज एकत्र मोजले गेले.

वर्धाकाठ:
भाऊ, तुमचे दुःख खरे आहे, पण विषय घरकर्जाचा आहे आणि तो दर वेळी कर्जमाफीकडे का जातो, हे मला कळत नाही. कर्जमाफीच्या रांगेत तुम्ही तरी उभे होता. माझ्या नावावर एक गुंठाही शेत नाही, आणि तरी शेतीचे कर्ज माझ्या डोक्यावर आहे.

कपाशीवाला:
तो तिकडेच जाणार, कारण आमच्याकडे नवरा-बायकोचे सामाईक कर्ज म्हणजे शेतीचेच कर्ज असते. २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंतच्या माफीसाठी व्यक्ती हा घटक धरला, म्हणजे पहिल्या वेळी चूक झाली हे सरकारलाही पटले. नवरा-बायको वेगळे झाले तर त्यांचे कर्ज वेगळे मोजता येते, हे सरकारला करून दाखवता आले. मग बँकेला का येऊ नये? तुमची माझी मागणी एकच आहे, ताई, उगाच माझ्यावर रागावू नका.

माजी शाखाधिकारी:
कारण माफीत पैसे सरकार भरते. सहकर्जदार सोडताना बँकेच्या हातची वसुलीची एक बाजू जाते, आणि ट्रॅक्टरच्या कर्जात पगारदार बायको हीच बहुधा भक्कम बाजू असते. ‘सही करा, काही होत नाही’ असे वाक्य मी स्वतः अनेक बायकांना सांगितले आहे. ते सांगायला नको होते.

पैनगंगा:
तुम्ही कायदा सांगता, तो मला नाकारता येत नाही. पण मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘आधी बँकेतून नाव कमी करून आण, मग सुटका मिळेल’ असे सांगणार का? नवऱ्याने नवे कर्ज काढायला नकार दिला, तर तिने त्या घरात किती हंगाम काढायचे? माझी बहीण आणखी वर्षभर थांबली असती, तर आज जिवंत असती की नाही, हे मला माहीत नाही. ‘काहीही अडचण येत नाही’ हे माझे वाक्य चुकीचे होते, तेवढे मी मागे घेतो. आधी घटस्फोट, मग कर्ज, हा क्रम मी मागे घेणार नाही.

वर्धाकाठ:
मलाही कोणाला थांबवायचे नाही. फक्त बाहेर पडणाऱ्या बाईला हे आधी कळावे की, ते कर्ज तिच्याबरोबर चालत येणार आहे. सिबिलमधली चुकीची नोंद तक्रारीपासून ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दररोज १०० रुपये भरपाई मिळते असे वाचून मीही तक्रार केली होती. उत्तर आले की नोंद चुकीची नाही, कर्ज तुमचेही आहे. शेवटी थकलेले दोन हप्ते, १ लाख २६ हजार रुपये, मी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून भरले आणि त्या पावत्या अंमलबजावणीच्या अर्जाला जोडल्या. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे. त्यांचे थोरले भाऊ ट्रॅक्टर आणि उरलेले कर्ज स्वतःच्या नावे घ्यायला तयार आहेत, म्हणून शाखाधिकारी भाऊंना विचारते, त्यासाठी बँकेला अर्ज मी करायचा की त्यांनी?

माजी शाखाधिकारी:
तिघांच्या सहीचा एकच अर्ज द्या, पोच घ्या, आणि मंजुरीपत्रात तुमचे नाव वगळल्याचे वाक्य स्वतः वाचल्याशिवाय घराचा इसार देऊ नका.