गुडघेदुखी आणि अ‍ॅक्युपंक्चर: नकली सुईचा गट कसा ठेवावा?

सांगली_पीजी: ऊसतोड मजुरांच्या गुडघेदुखीवर चाचणी आखतोय. दोनच गट. दुसऱ्या गटाला बिंदूपासून दोन बोटं बाजूला सुई टोचली तर प्लासिबो (म्हणजे तुलनेसाठीचा नकली उपचार) म्हणून चालेल ना?

मिरजवाला: नाही चालणार. बाजूला टोचलेली सुईही काम करतेच. जर्मनीतली २००७ची कंबरदुखीची चाचणी बघा: ११६२ रुग्ण, सहा महिन्यांनी आराम खऱ्या सुईने ४७.६ टक्के, बाजूला टोचलेल्या नकलीने ४४.२, नेहमीच्या उपचाराने २७.४. तिसरा गट नसता तर 'फरक नाही' एवढंच हाती लागलं असतं! नकली उपचारासाठीच बनवलेली स्ट्राइटबर्गरची बोथट सुई वापरा. दांडी सुईच्याच मुठीत सरकते, टोक कातडीत शिरत नाही. ती चिकटपट्टीने धरून ठेवावी लागते, म्हणून खऱ्या गटालाही तशीच पट्टी लावा, नाहीतर भांडं फुटलंच. शेवटी प्रत्येकाला 'तुम्ही कोणत्या गटात होता?' विचारून लिहून ठेवा.

कृष्णाकाठ: मजूर हंगाम संपला की बीडकडे परततात, सहा महिन्यांनी तपासणार कुणाला? तासगावच्या द्राक्षबागांतल्या स्थानिक बायका घ्या. आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांची भारतातली सरकारी नोंदवही) नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून चालत नाही.

सांगली_पीजी: तीन गट करतो. नमुनासंख्या (किती रुग्ण लागतील ते) मात्र पुन्हा काढावी लागणार.