गल्ल्याची किल्ली कोणाकडे?

सांगलीत आमचं किराणा-भुसारचं दुकान. मी ११ वर्षं गादीवर बसतोय, पण चेकवर सही अजून आप्पांचीच. परवा तेलाच्या डब्यांचा टेम्पो दारात उभा आणि आप्पा पंढरपुरात. ड्रायव्हर मलाच विचारतो, "मालक कुठायत?" वय ३८, आणि मी अजून मालकांचा मुलगा! तुमच्या घरचा धंदा तुमच्या हातात कसा आला, किंवा तुम्ही कसा सोपवलात? उपदेश नको, घडलेलं लिहा.

छापखाना, मिरज
बाबांनी ऑफसेट छपाईयंत्र घेतलं तेव्हा अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे किलोवर मोडीत गेले. 'श्री'चा एक खिळा तेवढा त्यांनी खिशात टाकला. मी एकुलती एक. "जावयाला बसवा," असं नातेवाइकांचं सुरूच होतं. बाबा कोणाशी वाद घालत बसले नाहीत. ऐन लग्नसराईत मला एकटीला सोडून आठ दिवस कोकणात जाऊन राहिले. पहिल्याच पत्रिकेत मी मुहूर्ताची वेळ चुकवली. ५०० पत्रिका पुन्हा छापल्या. परत आल्यावर बाबांनी तो खर्च माझ्या नावे मांडला आणि चुकलेली पत्रिका टेबलाच्या काचेखाली सरकवली. अजून तिथेच आहे.

हार्डवेअर, नाशिक
आम्हाला सोपवायला वेळच मिळाला नाही. दादा, म्हणजे वडील, एका रात्रीत गेले. दुकान त्यांच्या एकट्याच्या नावावर. जीएसटीचा क्रमांक पॅनवर बेतलेला, त्यामुळे दादांचा क्रमांक मला चालेना. नवी नोंदणी काढली, शिल्लक क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट, आयटीसी-०२ फॉर्म भरून वळवलं, त्याला सीएचं प्रमाणपत्र जोडलं. वारसाने धंदा पुढे चालवला की जुनी करबाकीही त्याच्याच गळ्यात येते, हे नंतर कळलं. चालू खातं अडकलेलं, ज्यांचं देणं होतं ते मात्र दारात. आणि उधारी? वहीच नव्हती, सगळं दादांच्या डोक्यात. दहाव्याला आलेल्या दोघांनी आपणहून बाकी सांगितली. इतरांचं जाऊ द्या. सांगलीकर, आप्पांना घेऊन एकदा सीएकडे जाच. सहीचं राहू दे, आधी उधारी लिहून घ्या.

चपला, कोल्हापूर
चामड्याची वेणी घालायची बायकोने, तळ शिवायचा मी. पोरगं पुण्यात नोकरीला. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर आपल्यासारखी चप्पल दिसली आणि त्याचा फोन आला, "बाबा, एक जोड करायला किती दिवस लागतात हो?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. यायचं काही बोलला नाही. मीही काढलं नाही.

किराणा, सातारा (वय ७१)
मी आप्पांच्या बाजूचा. सकाळी सातला कुलूप काढायचं नाही, तर उठून करायचं काय? गेल्या पाडव्याला मुलाला सही दिली, गल्ल्याची किल्लीही दिली. शटरची माझ्याकडे आहे. सूनबाई म्हणतात, "मामंजी, गुडघे दुखतात ना?" दुखतात. म्हणून वंगण घालून घेतलंय. शटरला.